परसबागेतील बटाटा : रोगप्रतिकारक वाण कसा निवडावा?

परसबागेत बटाटा घेणाऱ्यांकडून आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे : जागा थोडी आहे, फवारणी करायची इच्छा नाही, तेव्हा ज्यावर रोगच येणार नाही असा वाण सांगा. असा वाण अस्तित्वात नाही. मात्र आपल्या वाफ्यात कोणता रोग नेमाने येतो हे ओळखून त्या रोगाला दाद न देणारा वाण निवडला आणि निरोगी बेणे वापरले, तर घरापुरते पीक फवारणीवाचून किंवा मोजक्या फवारण्यांवर घेता येते. काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : पीक फुलोऱ्यात असताना ढगाळ हवेत आठवडाभरात सगळा पाला काळा पडून जातो. गेल्या हंगामात प्रतिकारक म्हणून मिळालेला वाण लावला, तरी हेच झाले. असे का?

उत्तर : आपण केलेले वर्णन उशिरा येणाऱ्या करप्याचे आहे. खात्री करून घेण्यासाठी सकाळी दव असताना झाडाची खालची पाने उलटून पाहावीत. पानाच्या टोकाकडून किंवा कडेकडून पाण्याने भिजल्यासारखा गडद डाग आत सरकत असेल, त्याभोवती फिकट हिरवी कडा असेल आणि पानाच्या खालच्या बाजूस त्या कडेवर पांढरी, विरळ लव दिसत असेल, तर हा उशिरा येणारा करपाच समजावा. ऊन चढले की ही लव दिसेनाशी होते, म्हणून दुपारच्या पाहणीत रोग सुटून जातो. डाग कोरडे, तपकिरी आणि आत एकात एक वर्तुळे असलेले असतील, तर तो लवकर येणारा करपा होय. त्याचा जीवाणूंशी संबंध नसून अल्टरनेरिया नावाच्या बुरशीशी आहे, आणि त्यासाठी वाणाचा विचारही वेगळा करावा लागतो.

उशिरा येणाऱ्या करप्याचा कारक फायटोप्थोरा इन्फेस्टन्स हा बुरशीसारखा दिसणारा, परंतु खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या कुळातला जीव आहे. १८४५ पासूनच्या आयर्लंडमधील दुष्काळामागे हाच होता. विसाव्या शतकात मेक्सिकोतील सोलॅनम डेमिसम या रानटी बटाट्यातील प्रतिकारक जनुके लागवडीच्या वाणांत आणली गेली, तेव्हा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. पण अशा एकेका जनुकावर उभा असलेला प्रतिकार पूर्ण असला तरी टिकाऊ नसतो, कारण रोगकारकाचा एखादा नवा प्रकार ते जनुक चुकवू लागला की वाण एका हंगामात उघडा पडतो. १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या कुफरी ज्योती या वाणाचा करप्याविरुद्धचा प्रतिकार काळाच्या ओघात असाच क्षीण झाला. तेव्हा जुन्या माहितीपत्रकात वाणापुढे ‘प्रतिकारक’ असे छापलेले असले, तरी तो शेरा किती वर्षांपूर्वीचा आहे हे विचारल्याशिवाय बेणे घेऊ नये. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

याउलट काही वाणांत अनेक जनुके एकत्र काम करतात. हंगेरीतील सार्वारी कुटुंबाच्या निवडकामातून आलेला सार्पो मिरा हा त्यातला प्रसिद्ध वाण असून त्यात किमान पाच प्रतिकारक जनुके आढळली आहेत. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांपैकी कुफरी गिरधारी करप्याला चांगले तोंड देतो. अशा वाणावर डाग मुळीच दिसणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे टाचणीच्या टोकाएवढे कोरडे, काळसर ठिपके पडतात आणि तेथेच थांबतात. रोग शिरला त्या जागेच्या पेशी स्वतःहून मरून त्याची वाट अडवतात, हे त्याचे कारण. असे ठिपके पाहून घाईने पाला कापू नये. ते न वाढता तसेच राहिले, तर वाण आपले काम चोख करत आहे. मात्र सार्पो मिरासारखे वाण उशिरा तयार होतात, त्यामुळे ज्यांचा थंड हंगाम आखूड आहे त्यांनी लवकर तयार होणारा, मध्यम प्रतिकाराचा वाण घेऊन करप्याची लाट येण्याआधी काढणी उरकणे अधिक शहाणपणाचे ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानांचा प्रतिकार आणि कंदाचा प्रतिकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. पाला हिरवा दिसत असतानाही पानांवरील बीजाणू पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरून उथळ कंदांना गाठू शकतात. यासाठी झाडे वीतभर उंचीची झाली की मातीची पहिली भर द्यावी आणि पुढे एकदा तरी ती वाढवावी, म्हणजे कंद हिरवे पडण्याचा धोकाही टळतो. करपा बळावलाच, तर पाला जमिनीलगत कापून बागेबाहेर न्यावा आणि कंद दोन ते तीन आठवडे मातीतच राहू द्यावेत. या काळात साल पक्की होते, मातीच्या पृष्ठावरील बीजाणू मरतात आणि आधीच लागण झालेले कंद सडून वेगळे ओळखू येतात.

प्रश्न : फवारणी मुळीच टाळता येईल का?

उत्तर : प्रतिकारक वाण असेल, तर बऱ्याच वेळा होय. ब्रिटनमध्ये करप्याचा इशारा देण्यासाठी एक साधा निकष वापरतात : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेले नाही आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास हवेतील आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक राहिली, तर धोका आहे असे समजतात. असे हवामान जमले आणि आपला वाण मध्यम प्रतिकाराचाच असला, तर आपल्या भागात परवानगी असलेले संरक्षक बुरशीनाशक लेबलवरील मात्रेत, रोग दिसण्यापूर्वी, पानांच्या दोन्ही बाजूंस बसेल असे फवारावे. डाग पडल्यानंतर केलेली संरक्षक फवारणी ते डाग बरे करत नाही. पाणी झाडाच्या बुडाशी आणि सकाळी द्यावे, संध्याकाळी पानांवरून शिंपडू नये. टोमॅटोवरही हाच करपा येतो, त्यामुळे ही दोन पिके शेजारी-शेजारी लावू नयेत.

प्रश्न : स्वयंपाकघरातले मोड आलेले बटाटे किंवा मागच्या पिकातले राखलेले बटाटे बेणे म्हणून चालतील का?

उत्तर : खाण्यासाठी आणलेले बटाटे लावू नयेत. त्यांचा वाण ठाऊक नसतो, साठवणुकीत मोड रोखणारे औषध वापरलेले असू शकते, आणि मुख्य म्हणजे जीवाणूजन्य बांगडी रोग असाच बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या कंदातून येतो. त्याचा जीवाणू मातीत एकदा रुजला की वर्षानुवर्षे वांगी, टोमॅटो, मिरचीलाही सोडत नाही. शंका असल्यास कंद आडवा चिरून पाहावा. सालीच्या आत थोड्या अंतरावर तपकिरी कडे दिसले आणि दाबल्यावर त्यातून पांढरट चिकट स्राव आला, तर तो संपूर्ण ढीग बाजूला काढावा आणि चाकू निर्जंतुक केल्याखेरीज दुसऱ्या कंदाला लावू नये.

घरच्या राखीव बेण्याचा धोका वेगळा आहे. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतो, ते विषाणू कंदात उतरतात, आणि पुढील वर्षी झाडे खुजी, पाने वळलेली किंवा चट्टेरी दिसतात. पोटॅटो वाय विषाणू तर माव्याने काही सेकंद सोंड टोचली तरी पसरतो, म्हणून कीटकनाशकाने त्याला रोखण्याचा भरवसा धरता येत नाही. येथे वाणाचा प्रतिकार हाच खरा आधार ठरतो. घरचे बेणे राखायचेच असेल, तर पीक वाढत असतानाच संशयित झाडे कंदांसह उपटून टाकावीत आणि उरलेल्या सशक्त झाडांना खूण करून त्यांचेच कंद ठेवावेत. काढणीनंतर ढिगातून चांगले दिसणारे कंद निवडण्याचा उपयोग होत नाही, कारण विषाणूची खूण सालीवर बहुधा दिसतच नाही. प्रमाणित बेणे मिळत असेल, तर दर एक-दोन हंगामांनी ते नव्याने आणावे.

प्रश्न : बटाट्यांच्या सालीवर खरखरीत खपल्या येतात. वाण बदलावा का?

उत्तर : वाणावाणांत फरक पडतो, पण आधी माती आणि पाणी पाहावे. ही खपली स्ट्रेप्टोमायसिस गटातील जीवाणूंमुळे होते. कंद धरू लागल्यापासून पुढचे चार ते सहा आठवडे माती कोरडी पडली, तर ती वाढते, म्हणून त्या काळात वाफसा, म्हणजे माती चिखल न होता ओलसर राहण्याची स्थिती, टिकेल असे थोडे-थोडे पाणी द्यावे. लागवडीपूर्वी चुना आणि ताजे शेणखत घालू नये. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ५.२ च्या आसपास किंवा त्याखाली असला, तर नेहमीची खपली सहसा त्रास देत नाही. खपली आलेले बटाटे साल जाड काढून खाता येतात.

प्रश्न : सूत्रकृमीला (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म, जंतासारख्या किडीला) प्रतिकारक वाण एकदा मिळाला, की त्याच वाफ्यात दरवर्षी तोच लावावा का?

उत्तर : लावू नये. मॅरिस पायपर हा वाण सोनेरी सूत्रकृमीला प्रतिकारक आहे, पण त्याच्या निकट नात्यातील पांढऱ्या सूत्रकृमीला नाही, आणि खपलीला तर तो सहज बळी पडतो. ब्रिटनमध्ये अशा वाणांची वारंवार लागवड झाली, तेव्हा सोनेरी प्रजाती मागे हटून तिची जागा पांढऱ्या प्रजातीने घेतली. कुफरी स्वर्णा दोन्ही प्रजातींना तोंड देऊ शकतो, तरीही त्याच जागी बटाटा तीन-चार वर्षांनंतरच यावा आणि मधल्या काळात वांगे किंवा टोमॅटो न घेता शेंगवर्गीय पिके अथवा पालेभाज्या घ्याव्यात. जागा इतकी लहान असेल की फेरपालट शक्यच नाही, तर मोठ्या पिशवीत किंवा कुंडीत दर हंगामाला नवी माती भरून लागवड करावी, आणि वापरलेली माती बटाट्याच्या वाफ्यात परत टाकू नये. काढणीच्या वेळी राहून गेलेले छोटे कंदही वेचून घ्यावेत, कारण पुढील हंगामात त्यांतून आपोआप उगवणाऱ्या झाडांवरच करपा सर्वांत आधी दिसतो.