डी ची जागा सी ला द्यायला फॉरमॅट कशाला?

भाऊ, तुम्ही विचारलंय: विंडोज 11 टाकताना जागा कमी पडते, सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, डी ड्राइव्हमध्ये 200 जीबी रिकामे आहेत, आणि दुकानवाला म्हणतो ‘फॉरमॅटच मारावं लागेल’. नाही लागत. या एका वाक्याची मला भयंकर चीड आहे, कारण त्यात लोकांचा हिशोब जातो.

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं मशीन होतं. 500 जीबीची डिस्क, सी 60 चा, बाकी सगळा डी. कोणीतरी डी श्रिंक करून (आकसून) 80 जीबी काढून ठेवलेले, तरी सी वर जागा वाढवायचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हे बटण फिकटच. फिकट राहणारच! श्रिंक केलेली जागा डी च्या उजव्या टोकाला निघते. सी ला ती स्वतःला लागून उजवीकडे हवी. तिथे तर पाचेकशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्तीचा राखीव तुकडा, चिकटलेलं, आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ते उडवू देत नाही.

आधी डी चा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि टॅलीची कंपनी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, म्हणजे हायबरनेशन बंद. 8 जीबी रॅमवर सी मध्ये साधारण 3 जीबी सुटतात. मग ‘रीएजंटसी /डिसेबल’, म्हणजे रिकव्हरी तात्पुरती बंद. याने रिकव्हरीची फाइल सी मध्ये येते, म्हणून हे पार्टिशन उडवायच्या आधीच. त्यानंतर डिस्कपार्ट या विंडोजच्याच कमांड टूलमध्ये रिकव्हरी पार्टिशन निवडून ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. हा हुकूम एकदाही परत विचारत नाही, तेव्हा ‘लिस्ट पार्टिशन’मध्ये साइज जुळवूनच नंबर निवडा. मग डी डिलीट, सी 150 पर्यंत एक्स्टेंड, उरलेल्यात नवा डी, शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’. सी मधली एकही फाइल हलली नाही.

जीपार्टेड या फुकट पार्टिशन टूलने डी न उडवता सरकवता येतो, पण शेकडो जीबी सरकायला तासन् तास लागतात. आपल्याकडे वैशाखात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल आणि मध्येच लाइट गेली, तर अर्धवट सरकलेला डी उघडत नाही.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा, 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहा. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आहे का तेही सगळ्यात आधी बघा, नसेल तर ही खटपट करूच नका. विंडोज 11 ला किमान 64 जीबीची अट आहे, पण जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये 10 दिवस पडून राहतं, म्हणून सी 120 जीबीच्या खाली ठेवू नका.

दुकानवाल्याला ‘लिस्ट पार्टिशन’ उघडून दाखवायला सांगा. न बघताच फॉरमॅट म्हणत असेल तर मशीन उचला आणि घरी या.