चरित्र अभिनेता कोणाचे चरित्र करतो?

प्रश्न असा आहे: जुन्या वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्या-गुंडांच्या) चित्रपटांवरच्या एका लेखात जॅक एलॅम या नटाला 'चरित्र अभिनेता' म्हटले आहे. मग त्याने कोणाची चरित्रे पडद्यावर आणली? आणि नसतील आणली, तर सरळ 'सहायक अभिनेता' का म्हणू नये?

शंका रास्त आहे. मराठीत चरित्र म्हटले की लीळाचरित्रापासून शिवचरित्रापर्यंत कोणाच्या तरी आयुष्याची हकिगतच मनात येते. चरित्रपट हा शब्दही त्याच वळणाचा. 'चरित्र अभिनेता' मात्र हिंदी सिनेमाचे बोट धरून आला. हिंदीत चरित्र म्हणजे कथेतले पात्र आणि माणसाचा स्वभावही, त्यामुळे इंग्रजी 'कॅरेक्टर'च्या जागी तो तिकडे सहज बसला. आपण शब्द घेतला, पण आपला जुना अर्थ काही सोडला नाही.

एलॅमकडे चरित्रे नव्हती, चेहरा होता. लहानपणी पेन्सिल लागून त्याचा डावा डोळा गेला, आणि ते बुबुळ भलतीकडेच पाहत राही. आधी तो हिशेबनीस होता. 1950च्या दशकात वेस्टर्नमधला गुंड म्हणून तो हक्काचा माणूस झाला. 'गनस्मोक'सारख्या मालिकेत तर दर खेपेला नवे नाव घेऊन यायचा. 1963च्या 'द डकोटाज' मालिकेत कायद्याच्या बाजूनेही उभा राहिला. पण त्याला ओळखायचे तर 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (1968) या चित्रपटाची सुरुवात पाहावी. ओसाड स्टेशनावर तो गाडीची वाट पाहत बसलाय. दाढीच्या खुंटांवरून एक माशी फिरतेय. हात हलवायचाही कंटाळा, म्हणून ओठ वाकडे करून तो तिला फुंकर घालतो. शेवटी तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडतो, नळीच्या तोंडावर बोट ठेवतो आणि आतली गुणगुण ऐकत बसतो. संवाद जवळजवळ नाहीच. गाडी येते आणि थोड्याच वेळात हा मरतो. चित्रपट पुढे अडीच तास चालतो, पण माशी विसरली जात नाही.

आता 'सहायक'बद्दल. हा शब्द एका चित्रपटातली जागा सांगतो: नायक तो नव्हे, दुसरा कोणी. चरित्र अभिनेता ही नटाची जात आहे: ठसठशीत, वेगळ्या स्वभावाची पात्रे रंगवणारा. हॉलीवूडचा नट वॉल्टर ब्रेनन घ्या. सहायक अभिनेत्याचे ऑस्कर 1936च्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि पहिलेच त्याला मिळाले. 1940पर्यंत एकूण तीन. पण 1957 ते 1963 चाललेल्या 'द रियल मॅककॉइज' या मालिकेत लंगडत चालणारा, कुरकुऱ्या आजोबा म्हणून तोच मध्यभागी होता. तिथे त्याला सहायक कसे म्हणणार? आणि नायक म्हटले तरी कानाला खटकते. तो होता चरित्र अभिनेताच, फक्त सगळे घर त्याच्याभोवती फिरत होते. एका अपघातात त्याचे बरेच दात गेले होते, त्यामुळे कवळी लावून एक माणूस आणि काढून दुसरा, अशी सोयच झाली. 'रेड रिव्हर' (1948)मध्ये तर त्याचे पात्र जुगारात कवळीतली निम्मी मालकी हरते!

आपल्याकडे ललिता पवार यांना चरित्र अभिनेत्री म्हणताना त्यांनी कोणाचे चरित्र केले असे कोणी विचारत नाही. म्हणजे शब्द रुळलेला आहे. 'स्वभावनट' असा पर्याय काढता येईल, पण तो मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, आणि वाचक अडखळेल ते वेगळेच.

एका ठिकाणी मात्र जपावे. ब्रेननचे तिसरे ऑस्कर 'द वेस्टर्नर'मधल्या जज रॉय बीनच्या भूमिकेचे. हा बीन टेक्ससमध्ये खरोखर होऊन गेला, आपल्या दारूच्या गुत्त्यातच न्यायनिवाडा करायचा. इथे 'चरित्र भूमिका' लिहिले तर दोन्ही अर्थ एकमेकांच्या पायात येतात. 'खऱ्या व्यक्तीची भूमिका' असे लिहावे आणि 'चरित्र अभिनेता' हे बिरुद नटापुरते ठेवावे.