20 पैकी 18, आणि तरी हात मास्ककडेच

तू लिहिलंयस की महामारीवरच्या प्रश्नावलीत तुझी 20 पैकी 18 उत्तरं बरोबर आली, पण वॉर्डात पहिल्याच दिवशी चारदा मास्कला हात गेला, रात्री झोप नाही, आणि आता वाटतंय आपण डॉक्टर व्हायच्या लायकीचे आहोत का.

लायकीचं राहू दे. आधी ती प्रश्नावली काय मोजते ते बघ. ‘मास्कच्या पुढच्या भागाला हात लावावा का?’ याला ‘नाही’ म्हणायला अभ्यास लागत नाही. आणि आचरणाच्या रकान्यात आपलं आपणच ‘नेहमी’वर टिक करतो. गॉगलवर साचलेली वाफ, हातमोज्यात जमलेला घाम, नेमकी तेव्हाच सुटणारी नाकाची खाज, हे त्यात कुठे येतं?

इंटर्नशिपमध्ये एका मॅडमनी आमच्या हातमोज्यांना अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर फासली आणि म्हणाल्या, आता रोजच्यासारखं संरक्षक (पीपीई) किट उतरवा. मग खोलीत अंधार करून दिवा फिरवला. माझ्या मनगटावर चमकता पट्टा, कानामागे दोन बोटं, चष्म्याच्या काडीवर एक ठसा. उतरवायचा क्रम मला तोंडपाठ होता, तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवला असता. पण चष्मा सावरायची सवय पंधरा वर्षांची आणि क्रम तीन दिवसांचा! तेव्हापासून मी एकट्याने किट उतरवत नाही. समोर कुणीतरी उभं राहून एकेक पायरी मोठ्याने सांगतं, मी तेवढीच करतो. घालताना सगळे जपून असतात. घोळ होतो तो उतरवताना, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि त्याला पाणी प्यायचं असतं.

उलटंही बघ. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्यही झाला नव्हता. ज्ञान शून्य, पण दारात घंगाळं होतं आणि धुतल्याशिवाय आत सोडत नव्हते. तुझ्या वॉर्डात रेसिडेंट डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढून फोनवर बोलत असेल, तर दहा लेक्चरांपेक्षा तेच तुझ्या अंगात मुरेल. (सिस्टरांकडे बघून शिक. त्यांचे हात बहुधा आपल्यापेक्षा शिस्तीचे असतात.)

आता भीती. 2020 मध्ये कोविडच्या भीतीसाठी 7 विधानांची एक मोजपट्टी आली, गुण 7 ते 35. तळहात घामेजतात का, छाती धडधडते का, झोप उडते का, जीव जाईल असं वाटतं का. ठीक आहे. पण माझ्यासोबतच्या बहुतेकांची भीती ‘मी घरी घेऊन जाईन’ ही होती, आणि त्यावर त्यात एकही विधान नाही. दुसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही: आपण इथे नुसते उभे आहोत, कुणाच्या उपयोगाचे नाही.

या दुसरीला मला एकच औषध ठाऊक आहे, नेमून दिलेलं काम. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास चालू ठेवणारी यंत्रं अपुरी पडली. तेव्हा सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि श्वासनलिकेत घातलेल्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबत राहिले, तासन्‌तास. काम सोपं, पण थांबवलं तर समोरचा गुदमरणार. तुला पिशवी दाबावी लागणार नाही. पण ‘काय करू?’ असं विचारण्यापेक्षा ‘ऑक्सिजनच्या नोंदी मी घेतो’ असं सांगून बघ. आणि शिकवल्याशिवाय, पुरेशा साधनांशिवाय कुणी आत जा म्हणालं तर नाही म्हण. त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

चष्मा असेल तर किट घालण्याआधी काड्या कानाजवळ चिकटपट्टीने बसव. माझा निम्मा प्रश्न तिथेच सुटला होता.