जानेवारीतला काउंटर

प्रिय मुली,

इथे अमेरिकेत, माझ्यासारखीच औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर तू उभी राहणार आहेस. परवा फोनवर इथल्या गिऱ्हाइकांबद्दल तू म्हणालीस, "मावशी, दारात दोन गाड्या असतात आणि औषधाला पैसे नाहीत म्हणतात. ही माणसं बचतच करत नाहीत का?" उत्तर फोनवर देववलं नाही, म्हणून लिहितेय.

दोन गाड्या आधी घेऊ. नवरा रात्रपाळीला, बायको दिवसपाळीला, आणि बस नाही. गाडी विकली तर नोकरीच गेली.

तू येते आहेस ते ओहायो राज्यातल्या यंगस्टाउनच्या बाजूला. १९७७च्या सप्टेंबरात एका सोमवारी इथला पोलादाचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सुमारे ५,००० कामगार रस्त्यावर आले. गिरणी बंद पडल्यावर चाळीत काय होतं, हे तुझ्या आजोबांनी लालबागमध्ये पाहिलंय. इथे त्यात भर अशी की नोकरीबरोबर घरादाराचा आरोग्यविमाही जातो. आणि विमा असला तरी डिडक्टिबल आहेच, म्हणजे सुरुवातीचे काही हजार डॉलर खिशातूनच भरायचे. बहुतेकांचा तो हिशेब १ जानेवारीला पुन्हा शून्यावर येतो. डिसेंबरात दहा डॉलरला मिळालेलं औषध जानेवारीत दोनशेला पडतं.

अशाच एका जानेवारीत वृद्धाश्रमात मदतनीस असलेली एक बाई आली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलाचा इनहेलर. आकडा ऐकून तिनं हळूच विचारलं, "यातलं कुठलं नाही घेतलं तर चालेल?" इनहेलर घेऊन ती गेली. तिची पुडी दहा दिवस खणात पडून होती. मग मीच लेबल सोलून गोळ्या परत फडताळात ठेवल्या. स्वतःचा रक्तदाब रोज मोजणारी, पै पै जपणारी बाई होती ती. तिला बचत कोणी शिकवायची?

इन्सुलिनचं पेटंट शोधकर्त्यांनी १९२३ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं. त्याच देशाशेजारी, इथे, नव्या प्रकारच्या एका इन्सुलिनची बाटली १९९६मध्ये २१ डॉलरची होती, २०१९मध्ये सुमारे २७५ची. औषध तेच. वाढला तो नफा, आणि तो कोणाच्या तरी किराण्यातून आला. केंद्राचं किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलरवरच आहे, हेही त्याच्या शेजारी मांडून बघ.

तुझ्या हातात थोडंच आहे, पण आहे. आकडा सांगताना आवाज खाली घे, मागे रांग असते. विम्याशिवाय रोख किंमत कमी पडत असेल तर न विचारता सांग. पूर्वी विम्यावाल्यांशी झालेल्या कित्येक करारांत आम्हाला तेवढं सांगायचीही बंदी असे, २०१८च्या कायद्यानं ती उठवली. जेनेरिक चालेल का, ते डॉक्टरला स्वतः फोन करून विचार. महिन्याचं परवडत नसेल तर दहा दिवसांच्या गोळ्या दे, पण रिकाम्या हातानं कोणाला जाऊ देऊ नकोस.

जानेवारीचा पहिला आठवडा तुला जड जाईल. ड्युटी संपल्यावर कितीही वाजले असले तरी फोन कर. मी जागी असेन.

तुझी,
मावशी