मानेत गाठ आहे आणि मी गे आहे. मला लिम्फोमाचा धोका जास्त आहे का?

तुम्ही लिहिलंय की मानेत तीन आठवड्यांपासून न दुखणारी गाठ आहे, 'गे पुरुषांना लिम्फोमा जास्त होतो' हे वाचल्यापासून झोप लागत नाही, आणि एचआयव्हीची तपासणी कधी केलेली नाही. मी डॉक्टर नाही. पण मीही इंदूरचाच, रामबागेत वाढलेला, गे, आणि २०१६ मध्ये लिम्फोमातून, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमधून, गेलेला.

गे असल्यामुळे लिम्फोमा होत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत ९० समलिंगी पुरुषांना झालेल्या लिम्फोमाचा अहवाल छापून आला, तेव्हा एचआयव्हीची रक्ततपासणीच नव्हती. ती १९८५ मध्ये आली आणि त्याच वर्षी काही प्रकारचे लिम्फोमा एड्सच्या व्याख्येत धरले गेले. करणी एचआयव्ही या विषाणूची होती, नाव मात्र आपल्याला चिकटलं.

एचआयव्ही नसेल, तर जी कारणं इतरांना तीच तुम्हाला: वाढतं वय, घरात कुणाला झालेला लिम्फोमा, संधिवातासारखे आजार, अवयव बदलल्यावर घ्यावी लागणारी औषधं, हिपॅटायटिस सी. यातला हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, म्हणून तो एकदा तपासून घ्या. आणि मानेतली गाठ दाताची, घशाची, टीबीची, सिफिलिसचीही असू शकते.

एचआयव्ही असेल आणि औषध चालू नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात मुक्काम करून असतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा, घसरला की तो डोकं वर काढतो आणि त्यातून लिम्फोमा होऊ शकतो. शिवाय एचआयव्हीमुळे बी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वर्षानुवर्षं डिवचलेल्या राहतात, भराभर वाढतात, आणि कधीतरी एखादी बिघडते. सीडी-फोर २०० च्या खाली गेला की धोका बराच वाढतो. मेंदूतला लिम्फोमा बहुधा ५० च्या खाली दिसतो. पण बर्किट आणि हॉजकिन हे प्रकार सीडी-फोर बरा असतानाही होतात, म्हणून केवळ आकडा पाहून गाठ सोडून देऊ नये. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्यांनी धोका खूप उतरतो, अगदी इतरांइतका नाही, पण खूप. जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं.

माझं काय झालं ते सांगतो. आमच्या भागातल्या पॅथॉलॉजीत काकांच्या ओळखीचा माणूस बसायचा. आपल्या मराठी मंडळींत बातमी राजवाड्यापर्यंत पोहोचायला संध्याकाळही लागत नाही, या भीतीने मी सहा वर्षं तपासणी टाळली. मग गाठ आली, रात्री घामाने उशी भिजायची, वजन ११ किलोने उतरलं. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासलं, काही ठोस निघालं नाही, तरी टीबीचं औषध सुरू केलं. अडीच महिने ते घेतलं. गाठ वाढतच गेली. शेवटी दुसऱ्या सर्जननी अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली आणि लिम्फोमा निघाला. तेव्हाच एचआयव्हीही कळला. सीडी-फोर होता ९०. केमोचे सहा डोस आणि एआरटी बरोबरीने चालले. आज व्हायरल लोड (रक्तातला एचआयव्ही) सापडत नाही.

त्या अडीच महिन्यांचा मला अजून राग येतो. आपल्याकडे टीबी इतका आहे की मानेतली गाठ म्हणजे टीबी असं आधीच ठरतं, आणि लिम्फोमा पकडायला सुईची तपासणी बऱ्याचदा पुरत नाही. तुमची गाठ आणखी आठवडाभरात विरली नाही, तर सर्जनना विचारा, "अख्खी गाठ काढून बायोप्सी करता येईल का?" ताप, रात्रीचा घाम किंवा वजन उतरणं यातलं काही असेल, तर आठवडाही थांबू नका.

एचआयव्हीची तपासणी याच आठवड्यात करा. एम. वाय. हॉस्पिटलमध्ये ती फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर उज्जैन किंवा देवासला जा, सरकारी रुग्णालयांत तिथेही सोय आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या मोफत नंबरवर आधी नुसतं बोलूनही घेता येतं. सोबतीला कुणी नसेल तर मला मेसेज करा, मी येईन.