बर्ड ऑफ पॅराडाइज: स्वर्गपक्षी, नंदनपक्षी की आणखी काही?

नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नर्सरीतून 'बर्ड ऑफ पॅराडाइज' म्हणून रोप आणलं. फूल अजून आलेलं नाही आणि सासूबाई म्हणतात, ही तर कर्दळ. आता सोसायटीच्या बगिच्यात झाडांना मराठी पाट्या लावायच्या आहेत. कुणी 'स्वर्गपक्षी' सुचवतं, कुणी 'नंदनपक्षी'. यातलं बरोबर कोणतं?

ताई, आधी झाड तेच आहे ना, ते बघू. कारण हे इंग्रजी नाव एकाच झाडाचं नाही. बर्डीच्या फुलबाजारात मला या नावाने दोनदा हेलिकोनिया मिळाली आहे, ती लाल-पिवळी, माळेसारखी लोंबणारी. आणि आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर फुलणारा शंकासुर अमेरिकेतल्या ॲरिझोनाकडे 'रेड बर्ड ऑफ पॅराडाइज' म्हणून ओळखला जातो. या दोघांचा आणि तुमच्या झाडाचा एकमेकांशी गोंधळ होतो तो फक्त नावामुळे.

तुम्ही विचारता आहात ते झाड म्हणजे स्ट्रेलित्झिया रेजिने, मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या किनारी भागातलं. त्याची पानं दोन रांगांत पंख्यासारखी उभी राहतात. देठ लांब आणि ताठ, पान जाड, चिवट, राखट हिरवं. वर खोड येत नाही, जमिनीखालच्या गड्ड्यातून नवे फुटवे निघतात. कर्दळीचं पान मऊ असतं आणि ते दांड्याभोवती गुंडाळत वर चढतं. सासूबाईंचा अंदाज मात्र उगाच नाही. केळ, कर्दळ, आलं, हळद आणि हे झाड वनस्पतिशास्त्रात एकाच गणात बसतात.

तीन वर्षांत फूल नाही याची काळजी करू नका. बियांपासून केलेल्या रोपाला पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. गड्डा खोल पुरला गेला असेल तर फूल अडतं. मुळं कुंडीत जरा दाटली की झाड उलट चांगलं फुलतं, म्हणून सारखी कुंडी बदलू नका. ऊन भरपूर द्या, पण आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो त्या दिवसांत दुपारचा आडोसा हवाच, नाहीतर पानांच्या कडा करपतात. नुसती काळी माती भरली असेल तर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतील. तिच्यात रेती आणि शेणखत मिसळा.

आता शब्द. इथे खरी गंमत आहे, कारण फुलाला हे नाव एका पक्ष्यावरून मिळालं आणि पक्ष्याला ते एका गैरसमजातून. १५२२ मध्ये दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यातलं उरलेलं एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला परतलं. त्यावर आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांतून आणलेली पिसारेदार पक्ष्यांची कातडी होती. तिकडचे शिकारी कातडी सुकवताना पाय काढून टाकत. युरोपात लोकांना वाटलं, या पक्ष्यांना पायच नाहीत, ते कधी जमिनीवर उतरतच नाहीत, स्वर्गातच राहतात. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये त्यातल्या एका जातीला 'अपोडा', म्हणजे बिनपायांचा, हेच नाव दिलं. आणि मलाय व्यापारी या पक्ष्यांना म्हणत 'मानुक देवाता', देवाचे पक्षी. त्यातला 'देवाता' म्हणजे आपलाच संस्कृत 'देवता'.

झाड लंडनच्या क्यू उद्यानात पोचलं १७७३ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने त्याला इंग्लंडच्या राणी शार्लटच्या माहेरचं, मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ घराण्याचं नाव दिलं. 'रेजिने' म्हणजे राणीचं. लोकांना मात्र केशरी तुरा आणि चोच दिसली, म्हणून त्यांनी पक्ष्याचं नाव लावलं. केशरी दिसतात ती संदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं वेष्टण, निळा बाण पाकळ्यांचा आणि चोच म्हणजे महाछद, केळफुलाच्या जांभळ्या पानासारखंच आवरण. मध प्यायला आलेला पक्षी त्या निळ्या बाणावर बसतो, त्याच्या भाराने बाण उघडतो आणि पराग पक्ष्याच्या पायांना लागतात. बिनपायांच्या समजल्या गेलेल्या पक्ष्याचं नाव मिळालेल्या फुलाचं परागण पक्ष्याच्या पायांनी व्हावं, हे मला फार सुंदर वाटतं.

'पॅराडाइज' हा शब्द प्राचीन इराणी भाषेतून ग्रीकमार्गे आला. मूळ अर्थ 'भिंतीने वेढलेली बाग'. त्यातला 'परि' आपल्या 'परिसर'मधलाच. म्हणून व्युत्पत्तीने पाहिलं तर 'नंदनपक्षी' चुकीचा नाही, नंदन ही इंद्राची बागच. पण पक्ष्याला नाव पडलं ते बागेवरून नव्हे, तो स्वर्गात राहतो या समजावरून. शिवाय नागपुरात नंदनवन म्हटलं की आधी वस्ती आठवते. 'स्वर्गपक्षी' अर्थाने बरोबर आहे, पण 'स्वर्गीय नर्तक' हा आपल्याकडचा खरा पक्षी आहे, आणि पाटी वाचणारा तिथेच अडखळेल. इंग्रजीतल्या 'क्रेन फ्लॉवर'वरून 'सारसफूल'ही मनात आलं, गोंदियाच्या बांध्यांतले सारस आपल्याला जवळचे म्हणून. पण सारसाला तुरा नसतो, आणि या फुलाची सगळी ओळख तुऱ्यात आहे.

मला विचाराल तर पाटीवर 'देवपाखरू' लिहा आणि खाली लहान अक्षरांत 'स्ट्रेलित्झिया'. हा शब्द मी केलेला आहे, कोशात सापडणार नाही. पण 'मानुक देवाता'चा अर्थ त्यात जसाच्या तसा येतो. झाडाला प्राण्याच्या नावाने ओळखणं मराठीला नवं नाही, गोकर्ण आणि मोरपंखी आपल्या अंगणात आहेतच. आणि पाखरूही नपुंसकलिंगी, फूलही नपुंसकलिंगी. 'स्वर्गपक्षी फुलला' म्हणताना जीभ जराशी थांबते, 'देवपाखरू फुललं' सरळ म्हणता येतं.