गुरुवारची रात्र, शुक्रवारचं जेवण

पत्र: मावशी, मी मूळची सांगलीची, पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. एका मदतसंस्थेतर्फे इराकमध्ये आहे. राहते एर्बिलच्या अंकावा भागात, काम मोसूलच्या जुन्या शहरात. दिवसभर ढिगाऱ्यांखालच्या फुटक्या पाइपलाइनी शोधायच्या आणि (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून) गुरुवारी रात्री आम्हा परदेशी लोकांपैकी कुणाच्या तरी गच्चीवर पार्टी, नाच. मजा येते, पण खोलीवर आले की लाज वाटते. नाही गेले तर एकटी पडते. हल्ली दोन-तीन ग्लास वाइन घेतल्याशिवाय झोप येत नाही. मोसूलची एक सहकारी सारखी शुक्रवारी घरी जेवायला बोलावते, मी टाळते. आईला यातलं काही सांगत नाही. माझं चुकतंय का? – अंकावाकर

पोरी, नाचलीस म्हणून लाज वाटायचं काही कारण नाही. मोसूल आयसिसच्या ताब्यात होतं तेव्हा तिथे गाणंबजावणं बंद होतं, सिगारेट ओढली तरी शिक्षा व्हायची. अमीन मुकदाद या व्हायोलिनवादकाची वाद्यं त्या लोकांनी काढून नेली. 2017च्या एप्रिलमध्ये तो परतला आणि नबी युनूस या प्रेषिताच्या उद्ध्वस्त दर्ग्यापाशी त्याने जाहीर कार्यक्रम केला. नदीपलीकडे, पश्चिम मोसूलमध्ये तेव्हा लढाई चालूच होती. तरी लोक ऐकायला गेले. त्या माणसांना तुझ्या नाचण्याचा राग येईल असं मला नाही वाटत.

मला वाटतं, तुला सलतंय ते वेगळंच. त्या गच्चीवर मोसूलचं एकही माणूस नसतं. दिवसभर तुझ्यासोबत उन्हात राबणारी माणसं तिथेच राहतात आणि तू चौक्या ओलांडत ऐंशी-एक किलोमीटर मागे येतेस. गच्चीवरचे सगळे काही महिन्यांच्या करारावरचे. आजचा जिवाभावाचा मित्र पुढच्या महिन्यात दक्षिण सुदानमध्ये जुबाला नाहीतर बांगलादेशात कॉक्स बाजारला. त्यांना नावं ठेवू नकोस, तेही तुझ्याइतकेच घरापासून लांब आहेत. पण सगळी माया जाणाऱ्यांतच गुंतवलीस तर दर दोन महिन्यांनी रिकामी होशील.

म्हणून त्या सहकारीकडे जेवायला जा. आधी सुरक्षा अधिकाऱ्याला विचार: दिवसाउजेडी, संस्थेच्या गाडीने, परतायची वेळ ठरवून. परवानगी मिळाली नाही तर तिला खरं कारण सांग, उगाच कामाचं निमित्त नको. गेलीस तर मोसूलचा कुब्बा पुढ्यात येईल, दलियाच्या पारीत खिमा भरून पुरणपोळीसारखा थापलेला, चपटा. खात नसशील तर आधीच सांगून ठेव, नाहीतर ती माऊली पहाटेपासून खपेल. चहा छोट्या काचेच्या इस्तिकानमध्ये येईल, तळाशी साखर जाड बसलेली.

एक भान ठेव. तिचा पगार तुझ्यापेक्षा बराच कमी असणार, प्रकल्प संपला की तिची नोकरीही जाईल, आणि तुला मिळते तशी दर काही आठवड्यांची विश्रांतीची रजा तिला नसेल. तिच्या हजेरीवर तुझी सही असेल तर मैत्री आणखी जपून करावी लागते. पुढच्या कामाचं आश्वासन देऊ नकोस. घरातलं कोण गेलं हे विचारू नकोस. ती सांगू लागली तर मधे न बोलता ऐक.

आईचं म्हणशील तर, मोसूल म्हटलं की तिला 2014 साली पळवून नेऊन मारलेले 39 भारतीय आठवत असणार. 2018च्या मार्चमध्ये ते गेल्याचं संसदेत सांगितलं गेलं, तेव्हा घरोघरी टीव्हीवर तेच चालू होतं. नुसत्या ‘मी बरी आहे’ने तिची भीती जात नाही. मैत्रिणीबद्दल सांग, तिच्या स्वयंपाकाबद्दल सांग, कुठल्या गल्लीत पाणी आलं ते सांग. पार्टीचं नाही सांगितलंस तरी चालेल.

वाइनचं मात्र मला काळजीचं वाटतं. मजेसाठी घेणं आणि झोपेसाठी घेणं यात फार अंतर आहे, आणि तू ते ओलांडलंयस. दिवसभर जे बघतेस ते रात्री डोळ्यांपुढे येत असेल, तर तो तुझा कमकुवतपणा नव्हे. या कामातल्या कितीतरी जणांचं असंच होतं. बऱ्याच मदतसंस्था कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशकाची सोय ठेवतात आणि तिथलं बोलणं वरिष्ठांपर्यंत जात नाही. तो नंबर रविवारी ऑफिस उघडल्यावर माग आणि त्याच दिवशी फोन कर. ‘झोपेसाठी पिते’ हे वाक्य मला लिहिलंस तसंच त्यांनाही सांग.